हस्ताकारांची लेखी नोंद : अक्षरांची नावे, मुद्रा की बोटांचे सविस्तर वर्णन?

प्रश्न
करवीरवासी (कोल्हापूर)

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरी चपलांच्या कामात हयात घालवलेल्या काही ज्येष्ठ कर्णबधिर कारागिरांची कथने आम्ही त्यांच्या संमतीने चित्रित करीत आहोत. चामडे भिजवणे, रापीने कापणे, आरीने भोके पाडून शिवणे, वेणी गुंफणे ही सगळी कामे ते खुणांनी सांगतात. त्यांतील कित्येक खुणा शहरातील तरुण कर्णबधिरांना परक्या वाटतात, कारण तरुणांच्या खुणांवर शाळा, मोबाइलवरील चित्रफिती आणि दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश यांचा ठसा आहे. या खुणांचा असा संग्रह करावा, की एखाद्याला केवळ हाताचा आकार आठवत असेल तरी त्यावरून खूण शोधता यावी, असा आमचा हेतू आहे.

खुणेची जागा आणि हालचाल यांचे वर्णन मराठीत बऱ्यापैकी जमते. अडते ते हस्ताकारापाशी. 'दोन बोटे सरळ, बाकीची मिटलेली' असे लिहिले तर कोणती दोन, ती चिकटलेली की फाकलेली, अंगठा मिटलेल्या बोटांवर की बाजूला, आणि सरळ म्हणजे मुळापासून सरळ की मुळाशी वाकून पुढे सरळ, यांतले काहीच कळत नाही. सगळे लिहायचे म्हटले तर एका आकाराला चार ओळी लागतात आणि दोघा नोंदकर्त्यांच्या ओळी एकमेकींशी जुळत नाहीत. परदेशी पुस्तकांत 'बी हात', 'व्ही हात', 'पाचाचा हात' अशी नावे आढळतात, ती सरसकट घ्यावीत का? की यासाठी एखादी सिद्ध नोंदपद्धती शिकून घ्यावी? आमच्यात भाषाशास्त्र शिकलेली एकच व्यक्ती आहे. बाकी विशेष शिक्षक आणि दोन कर्णबधिर सहकारी आहेत, हे ध्यानात घेऊन सल्ला द्यावा.

उत्तर
ध्वनिविचार (पुणे)

'बी हात', 'व्ही हात' ही नावे कुठून आली हे पाहिले की ती घ्यावीत की नाही याचा निर्णय सोपा होतो. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे विल्यम स्टोकी यांनी १९६० साली दाखवून दिले की अमेरिकन सांकेतिक भाषेतील खूण हे अखंड चित्र नसून जागा, हस्ताकार आणि हालचाल अशा मोजक्या घटकांची ती जुळणी असते. पुढे १९६५ मध्ये डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग यांच्यासह त्यांनी जो शब्दकोश सिद्ध केला, त्याची मांडणीच या घटकांवर होती: जागांची १२, हस्ताकारांची १९ आणि हालचालींची २४ चिन्हे. हस्ताकारांसाठी त्यांनी बहुतांशी रोमन अक्षरे आणि आकडे घेतले, कारण अमेरिकेतील बोटांची वर्णमाला एका हाताची आहे आणि तेथील वाचकाला 'व्ही' म्हटले की हात डोळ्यांसमोर येतो.

आपल्याकडे ही सोय नाही. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरे प्रामुख्याने दोन हातांनी दाखवली जातात. स्वर तर एका हाताच्या तर्जनीने दुसऱ्या हाताच्या बोटांच्या टोकांना स्पर्श करून दाखवतात. तुमच्या कर्णबधिर सहकाऱ्यांना 'बी हात' म्हणजे सपाट पंजा हे वेगळे पाठ करावे लागेल आणि त्यांच्या स्वतःच्या 'बी'शी त्याचा गोंधळ होईल तो निराळाच.

याहून गंभीर अडचण अशी की स्टोकी यांचे चिन्ह एका नेमक्या आकाराचे नसून आकारांच्या एका गटाचे आहे. त्यांचे 'ए' हे चिन्ह कोणत्याही मिटलेल्या मुठीसाठी येते, मग अंगठा मुठीच्या बाजूला असो, बोटांवरून आडवा असो वा बोटांमध्ये खोचलेला असो, कारण त्यांच्या विश्लेषणानुसार अमेरिकन खुणांमध्ये या फरकाने अर्थ बदलत नव्हता. कोल्हापूरच्या खुणांत तो बदलतो की नाही हे तुम्हाला अजून शोधायचे आहे. दुसऱ्या भाषेसाठी केलेले गट उचलले तर जो फरक शोधायचा तोच नोंदीतून आधी पुसला जाईल.

म्हणून माझे मत असे की प्रत्येक खुणेला दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत. पहिल्यात हात प्रत्यक्ष कसा दिसला ते लिहावे आणि दुसऱ्यात तो आकार तुमच्या संग्रहातील कोणत्या प्रकारात मोडतो ते. दुसरा रकाना सुरुवातीला रिकामा राहिला तरी काही बिघडत नाही.

उत्तर
नोंदवही (मुंबई)

पहिल्या रकान्यासाठी सिद्ध पद्धत हवी असेल तर हॅमनोसिस, म्हणजे हॅम्बुर्ग विद्यापीठात १९८० च्या दशकात झिगमुंड प्रिल्वित्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली नोंदपद्धती, हिचा विचार करावा. ती कोणत्याही एका सांकेतिक भाषेला किंवा तिच्या वर्णमालेला बांधलेली नाही, आणि तिचा हस्ताकाराचा भाग मराठी माणसाला समजायला अवघड जाऊ नये, कारण त्याची रचना आपल्या बाराखडीसारखी आहे: मूठ, सपाट पंजा, एक बोट वर, दोन बोटे वर, चिमूट अशी मोजकी मूळ चिन्हे, आणि त्यांवर अंगठ्याच्या स्थितीसाठी व बोटांच्या वाकण्यासाठी मात्रांसारखी जोडचिन्हे. एखादे बोट बाकीच्यांपेक्षा वेगळे वागत असेल तर त्या बोटाचा क्रमांक देऊन त्याची स्थिती स्वतंत्र लिहिता येते. संपूर्ण पद्धतीत सुमारे २०० चिन्हे आहेत, पण केवळ हस्ताकारासाठी त्यांतील थोडीच लागतात.

या पद्धतीचे लेखन संगणकावरील कृत्रिम आकृतीला खुणा करायला लावण्यासाठीही वापरले गेले आहे, आणि मला ही तिची खरी परीक्षा वाटते, कारण यंत्राला 'समजून घ्या' असे म्हणता येत नाही. अंगठा कुठे ते लिहिले नसेल तर यंत्राचा अंगठा भलतीकडे जातो. (खुणा कागदावर उतरवण्याची धडपड मात्र फार जुनी आहे. पॅरिसमध्ये कर्णबधिरांचे शिक्षक बेबियाँ यांनी १८२५ सालीच अशी एक चिन्हपद्धती छापली होती.)

दोष सांगायचा तर तिची चिन्हे युनिकोडच्या (संगणकावर प्रत्येक लिपीचिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या) खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या भागात बसवलेली आहेत. ज्या संगणकावर तिचा फॉन्ट नाही तेथे तुमच्या नोंदीच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतील. संग्रह पुढे एखाद्या शाळेला किंवा ग्रंथालयाला द्यायचा असेल तर हा धोका लहान समजू नये.

उत्तर
तालवाद्य (सांगली)

मी भाषाशास्त्राची नाही, नृत्याची अभ्यासक आहे, तरीही एक शंका मांडते. हाताच्या आकारांना नावे देण्याची परंपरा आपल्याकडे असताना रोमन अक्षरांकडे किंवा जर्मन चिन्हांकडे जाण्याचे कारण काय? नाट्यशास्त्रात एका हाताचे २४ असंयुत हस्त सांगितले आहेत आणि अभिनयदर्पणात २८. पताक, त्रिपताक, कर्तरीमुख, मुष्टी, शिखर, सूची, संदंश, मुकुल ही नावे कोल्हापुरात भरतनाट्यम शिकणाऱ्या कोणत्याही मुलीला तोंडपाठ असतात. 'तर्जनी आणि मधले बोट सरळ व फाकलेले' असे लांबलचक लिहिण्याऐवजी 'कर्तरीमुख' हा एकच शब्द पुरेल.

उत्तर
ध्वनिविचार (पुणे)

सूचना रास्त आहे आणि दुसऱ्या रकान्यातील नावांसाठी तिचा उपयोग होण्यासारखा आहे. पहिल्या रकान्यासाठी मात्र मी ती स्वीकारणार नाही. हस्तांची यादी कलेच्या गरजेतून ठरलेली आहे, भाषेच्या व्यवहारातून नाही. पताकात अंगठा किंचित वाकवून तर्जनीच्या कडेला टेकवायचा हा नियम आहे, आणि नर्तकीने तो पाळला नाही तर गुरू तिला थांबवतील. सपाट पंजाने खूण करणाऱ्या कारागिराला असा नियम कोणी सांगितलेला नसतो. त्याचा अंगठा कधी चिकटलेला तर कधी सुटा असेल आणि तुम्हाला नेमके हेच टिपायचे आहे. शिवाय यादीत नसलेला आकार आला तर जवळच्या नावात तो कोंबण्याचा मोह होतो. संदंशात तर बोटे मिटण्या-उघडण्याची क्रियाही अंतर्भूत आहे, म्हणजे त्या एका नावात आकार आणि हालचाल एकत्र आले. नोंदीत ते दोन्ही वेगळे हवेत.

आकार तपासताना कोणते बोट काय करू शकते हेही जाणून घेतलेले बरे. तर्जनी आणि करंगळी यांना सरळ करणारे स्वतःचे वेगळे स्नायू आहेत, म्हणून मूठ मिटून त्यांतील एक बोट उभे करणे सोपे जाते. अनामिकेला तसा स्वतंत्र स्नायू नाही आणि हाताच्या पाठीवर तिची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शेजारच्या कंडरांशी जोडलेली असते. मूठ मिटून एकटी अनामिका उभी करून पाहावी, म्हणजे सांकेतिक भाषांमध्ये हा आकार एवढा दुर्मीळ का ते समजेल. त्याचप्रमाणे बोटाचे टोकाचे पेर मधल्या सांध्याला सोडून एकटे वाकवणे बहुतेकांना जमत नाही. तेव्हा तिन्ही सांध्यांची वेगवेगळी नोंद करण्याची गरज सहसा पडत नाही. मुळाचा सांधा एक, आणि मधला व टोकाचा मिळून दुसरा, एवढ्याने काम भागते.

प्रश्नकर्त्याची पुरवणी
करवीरवासी (कोल्हापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन रकान्यांची कल्पना आम्हाला पटली आणि त्यातूनच एक नवा प्रश्न उभा राहिला. आमच्या चित्रफितींतील पुष्कळ भाग असा आहे की त्यात हात हा काहीतरी धरलेला हात असतो. रापी धरल्याचा हात वेगळा, आरीची मूठ धरल्याचा वेगळा, आणि चामड्याची जाडी दाखवताना अंगठा व तर्जनी यांच्यातील फट तर प्रत्येक वेळी निराळी असते: तळव्याचे चामडे असेल तर जास्त, वरच्या पट्ट्याचे असेल तर अगदी कमी. अशा ठिकाणी प्रत्येक फटीला वेगळा हस्ताकार मानायचा का?

उत्तर
नोंदवही (मुंबई)

प्रत्येक फटीला वेगळा आकार मानला तर संग्रहात हस्ताकारांची संख्या वाढतच जाईल आणि आकारावरून खूण शोधण्याचा तुमचा मूळ हेतू निष्फळ होईल. वस्तू धरल्याचे किंवा तिचे मोजमाप दाखवणारे हे हात अभ्यासक नेहमीच्या शब्दखुणांपासून वेगळ्या वर्गात धरतात, कारण त्यांत ठरलेला आकार आणि सांगणाऱ्याने त्या क्षणी केलेले मापन एकमेकांत मिसळलेले असते. माझी सूचना अशी की या खुणांना नोंदीतच वेगळी खूणगाठ द्यावी. आकाराच्या रकान्यात 'अंगठा आणि तर्जनी समोरासमोर, बाकीची मिटलेली' एवढेच यावे आणि फट किती ते शेरा म्हणून शब्दांत लिहावे. फटींचे दोनतीनच ठरावीक टप्पे पुन्हा पुन्हा येतात असे पुढे दिसून आले, म्हणजे कारागीर पातळ आणि जाड यांसाठी एकेक पक्का आकार वापरतात असे ठरले, तर तेव्हा त्यांना वेगळे प्रकार करावे. आज तो निर्णय घेण्याची घाई नको.

उत्तर
उजेडातला (इचलकरंजी)

मी स्वतः कर्णबधिर आहे आणि वस्त्रोद्योगात काम करतो. वर सांगितलेले सर्व उपयुक्त आहे. तथापि एक गोष्ट कोणी बोलले नाही म्हणून लिहितो.

ज्या माणसाने आयुष्यभर आरी आणि रापी धरली त्याची बोटे पूर्ण सरळ होत नाहीत. वयाने सांधे आखडतात, जुन्या जखमा असतात, एखादे पेर कायमचे वाकलेले असते. ऐकणारा नोंदकर्ता चित्रफीत थांबवून प्रामाणिकपणे लिहील की 'तर्जनी मधल्या सांध्यात वाकलेली', आणि तशी नोंद झाली की संग्रहात एक नवीन आकार जमा होईल. आमच्यापैकी कोणीही तो हात पाहून सांगेल की ही साधी सरळ तर्जनीचीच खूण आहे, फक्त आजोबांचे बोट तसे आहे. उलट कधी फरक इतका बारीक असतो की ऐकणाऱ्याला तो दिसत नाही आणि आम्हाला मात्र खूण चुकल्यासारखी वाटते. म्हणून दुसरा रकाना कोण भरणार हे आधी ठरवावे. तो तुमच्या कर्णबधिर सहकाऱ्यांनी भरावा आणि शंका आली तर त्याच पिढीतील दुसऱ्या कर्णबधिराला खूण करून दाखवायला सांगावी, म्हणजे वाकलेले बोट माणसाचे आहे की खुणेचे हे लगेच कळेल.

चिन्हांविषयी म्हणाल तर मला साइनरायटिंग अधिक वाचनीय वाटते. व्हॅलरी सटन यांनी १९७४ मध्ये, नृत्याच्या हालचाली लिहिण्याच्या स्वतःच्याच पद्धतीवरून, ती विकसित केली. तिच्यात हात चित्रासारखा दिसतो: तळहात आपल्याकडे असेल तर चिन्ह पांढरे, हाताची पाठ आपल्याकडे असेल तर काळे, कड असेल तर अर्धे अर्धे. २०१५ पासून तिची चिन्हे युनिकोडमध्ये अधिकृतपणे आहेत, त्यामुळे खासगी भागाची वर सांगितलेली अडचण तिला नाही. तिच्या २०१० च्या चिन्हसंचात हाताचे २६१ मूळ आकार आहेत. एवढे कोणी पाठ करावेत असे माझे म्हणणे नाही, पण संग्रहाच्या प्रत्येक नोंदीपुढे एक चित्रचिन्ह किंवा निदान हाताचे स्पष्ट छायाचित्र असल्याशिवाय आमच्यातील ज्येष्ठ मंडळी तो संग्रह उघडणार नाहीत. ज्यांच्या खुणा आहेत त्यांना वाचता येणार नाही असे लेखन कशासाठी करायचे?

उत्तर
ध्वनिविचार (पुणे)

इचलकरंजीच्या मित्रांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याला धरूनच कामाची पद्धत सुचवतो.

पहिल्या रकान्यासाठी हॅमनोसिसही न वापरता साध्या कळफलकावर लिहिता येईल अशी नोंद शक्य आहे. पेट्रा एकॅरियस आणि डायान ब्रेंटारी यांनी २००८ साली अशीच एक पद्धत मांडली, जिच्यात हाताची बोटे खुणेतील त्यांच्या कामगिरीप्रमाणे विभागली जातात: जी बोटे खुणेत प्रत्यक्ष काम करतात ती आधी, दुय्यम काम करणारी त्यानंतर, आणि नुसती बाजूला राहिलेली शेवटी, मध्ये अर्धविराम. बाजूला राहिलेल्या बोटांसाठी ती उघडी की मिटलेली एवढेच सांगावे लागते. ही विभागणी केली की वर्णन निम्म्याने आटोपते, कारण आपली मेहनत सर्व पाच बोटांवर सारखी वाटली जात नाही. तुम्ही हीच कल्पना देवनागरीत वापरू शकाल: तर्जनीसाठी 'त', मध्यमेसाठी 'म', अनामिकेसाठी 'अ', करंगळीसाठी 'क', अंगठ्यासाठी 'ठ', आणि मुळाशी वाकलेले, पुढे वाकलेले, संपूर्ण गोलाकार, फाकलेले यांसाठी कळफलकावरील एकेक चिन्ह. अंगठ्याला मात्र कायम स्वतःची जागा द्यावी. सांकेतिक भाषांचे अभ्यासक जॉन्सन आणि लिडेल यांनी हाताच्या आकाराचे जे अतिशय बारकाईचे विवेचन केले, त्यात बोटांसाठी एक आणि अंगठ्यासाठी दुसरा असे स्वतंत्र लेख त्यांना लिहावे लागले ते उगीच नव्हे. अंगठा तळहातासमोर येतो की त्याच्या पातळीत बाजूला राहतो हा फरक इतर कोणत्याही बोटाला लागू होत नाही.

ही नोंद कागदावर करू नये. नेदरलँड्समधील नायमेखेनच्या मॅक्स प्लांक मनोभाषाशास्त्र संस्थेने तयार केलेली 'एलान' ही संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यात चित्रफितीच्या खाली हव्या तितक्या ओळी आखून प्रत्येक खुणेची नोंद तिच्या नेमक्या क्षणाला जोडता येते आणि ठरावीक पर्यायांची यादी दिली की टंकनाच्या चुका जवळजवळ थांबतात. सगळ्यात वरच्या ओळीत खुणेचे एकच ठरलेले मराठी नाव असावे आणि ती खूण कुठेही, कोणत्याही अर्थछटेने आली तरी ते नाव बदलू नये, नाहीतर एकच खूण संग्रहात तीन नावांनी विखुरली जाईल. हस्ताकार हात स्थिरावलेल्या चित्रचौकटीवरून लिहावा, आणि खुणेच्या आरंभी व शेवटी आकार वेगळा असेल तर दोन्ही लिहावेत.

चित्रीकरण अजून चालू असेल तर दुसरा कॅमेरा बाजूने लावावा. समोरून पाहताना अंगठा बोटांमागे दडतो आणि नोंदकर्ता तो अंदाजाने लिहितो. हल्ली मोबाइलच्या चित्रातून हाताचे २१ बिंदू आपोआप ओळखणारी साधने आहेत, पण दडलेल्या बोटाच्या बाबतीत तीही अंदाजच करतात, तेव्हा त्यांवर विसंबून बाजूचा कॅमेरा टाळू नये.

प्रश्नकर्त्याची पुरवणी
करवीरवासी (कोल्हापूर)

दुसऱ्या कॅमेऱ्याची व्यवस्था करता येईल, आणि दुसरा रकाना कर्णबधिर सहकाऱ्यांकडेच सोपवण्याचे आम्ही ठरवले आहे. एक शेवटची शंका: आमच्या कारागिरांपैकी एकजण डावखुरे आहेत. त्यांच्या नोंदी उजव्या-डाव्या हाताची अदलाबदल करून लिहाव्यात का?

उत्तर
नोंदवही (मुंबई)

उजवा आणि डावा असे लिहूच नये; मुख्य हात आणि आधाराचा हात असे लिहावे, म्हणजे डावखुऱ्या व्यक्तीची नोंद बदलावी लागत नाही. कोणता हात मुख्य आहे ते व्यक्तीच्या माहितीत एकदाच नोंदवावे. एवढे केल्यावर आधाराच्या हाताकडे स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे. रॉबिन बॅटिसन यांनी १९७८ मध्ये दाखवले की अमेरिकन सांकेतिक भाषेत दोन्ही हातांचे आकार भिन्न असतात आणि एकच हात हलतो, तेव्हा स्थिर हात मूठ, सपाट पंजा, एक उभे बोट, फाकलेली पाच बोटे अशा अगदी मोजक्या सोप्या आकारांपुरता मर्यादित राहतो. तुमच्या कारागिरांच्या खुणांत आधाराचा हात बऱ्याचदा चामडे किंवा चपलेचा तळ दाखवत असणार, त्यामुळे ती मर्यादा तेथेही दिसते की वस्तू धरलेल्या हाताच्या खुणांमध्ये ती मोडते, हे तुमच्या दोन रकान्यांवरून तपासता येईल. त्यासाठी आधाराच्या हाताला एलानमध्ये पहिल्या दिवसापासून वेगळी ओळ ठेवावी.